वारझाझातहून एका दिवसात ‘सहारा’: एका सहलीचे प्रकरण

नोव्हेंबरच्या अखेरीस सोळा मराठी प्रवाशांचा गट घेऊन मी मोरोक्कोतील वारझाझात येथे दोन रात्री मुक्कामाला होते. बहुतेक मंडळी पुणे आणि नाशिकची होती, एक दांपत्य दुबईहून थेट मराकेशला येऊन मिळाले होते, आणि सोळांपैकी नऊ जण साठी ओलांडलेले होते. आठ दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या दिवसासमोर ‘वारझाझात: सहारा वाळवंटात गाईडसह दिवसभराची सहल’ एवढीच ओळ छापलेली होती. त्या ओळीमुळे आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर जे उद्भवले, त्यातून मी जो मार्ग काढला आणि तो मार्ग ज्या ठिकाणी चुकला, त्याची ही नोंद आहे. युरोपच्या सहली मी बरीच वर्षे करत आले असले तरी मोरोक्कोत गट नेण्याची ही माझी पहिलीच वेळ होती, हे आधीच सांगितलेले बरे.

वारझाझात हे शहर उच्च ॲटलास पर्वतरांगेच्या दक्षिणेस, समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंचीवर वसलेले आहे. मराकेशपासून ते 200 किलोमीटर असले तरी मध्ये तिझी न तिश्का हा 2260 मीटर उंचीचा घाट लागतो, त्यामुळे वाटेतले थांबे धरून निम्मा दिवस प्रवासातच जातो. या शहराला ‘वाळवंटाचे दार’ म्हणण्याची पद्धत आहे आणि त्यात खोटे काही नाही, कारण घाट उतरला की पावसाळी बाजू संपते आणि डोंगर एकाएकी उघडेबोडके होतात. मात्र या दारातून आत गेल्यावर प्रथम लागते ती वाळू नसून दगड असतो. खडकाळ पठाराला तिकडे ‘हमादा’ म्हणतात, खडीने भरलेल्या सपाटीला ‘रेग’ म्हणतात, आणि आपल्या डोळ्यांसमोर सहारा म्हटल्यावर ज्या वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात त्यांच्या प्रदेशाला ‘अर्ग’ असे नाव आहे. संपूर्ण सहारात वाळूचा वाटा ढोबळमानाने एक चतुर्थांशच भरतो. मला हे पुस्तकातून ठाऊक होते. पत्रिका तपासताना मात्र ते आठवले नाही.

गुरुवारी दुपारी वाटेतच ऐत बेनहद्दू पाहून झाले होते. वारझाझातच्या अलीकडे तीस किलोमीटरांवर उनिला नदीच्या काठी असलेले हे मातीचे तटबंदीयुक्त गाव 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथली चढण उतरून आलेली मंडळी दमलेली असली तरी खुशीत होती. रात्री जेवताना आमच्या गाईडने दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला: सकाळी फिंतचे मरूद्यान, दुपारी स्कूराच्या खजुरीच्या बागा आणि तिथला अमरिदिल कसबा (मातीचा जुना वाडा), पाचपर्यंत परत. हा गाईड द्रा नदीच्या खोऱ्यातला, सरकारी परवानाधारक आणि फार मोजके बोलणारा माणूस होता. त्याचे बोलणे संपताच नाशिकचे एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, “ताई, सगळं ठीक, पण यात वाळू कुठे आहे?” मी तो प्रश्न इंग्रजीतून गाईडला विचारला, तेव्हा त्याने मलाच उलट विचारले, “कुठली वाळू?”

नंतर मोबाइलवर पत्रिका उघडल्या गेल्या. आमच्या कार्यालयाने त्या ओळीच्या वर मर्झूगा गावाजवळच्या वाळूच्या केशरी टेकड्यांचे छायाचित्र छापले होते. रात्री दहा वाजता मी मोरोक्कोतील एजंटाने पाठवलेला मूळ कार्यक्रम शोधून काढला, तर त्यात ‘सहारापूर्व प्रदेशातील सहल’, म्हणजे सहारा लागण्याआधीच्या प्रदेशातली सहल, असे स्वच्छ लिहिलेले होते. तो ‘पूर्व’ पुण्यात गळला होता. ओळ लांब होते म्हणून की शब्द विचित्र वाटला म्हणून, ते आता सांगता येणार नाही. पत्रिका छापायला जाण्यापूर्वी तिच्यावर शेवटची नजर माझी होती, त्यामुळे एजंटाला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

त्या रात्रीचा हिशोब

एका दिवसात किती दूर जाता येईल हे किलोमीटरांवर ठरत नाही, ते उजेडावर ठरते, हे मला गाईडने हॉटेलच्या बिलामागे आकडे मांडून दाखवले. मोरोक्कोचे घड्याळ बहुतेक वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढे असते, त्यामुळे नोव्हेंबरअखेर तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेसहापूर्वी मावळतो. हातात उजेडाचे साडेदहा तास राहतात. मर्झूगाजवळचा अर्ग शेब्बी, जिथल्या टेकड्या दीडशे मीटरांपर्यंत उंच जातात, वारझाझातहून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे. न थांबता जायलाच सहा तास लागतात, म्हणजे जाऊन येण्यात दिवस संपून वर रात्रही खर्ची पडते. दक्षिणेकडचा अर्ग शिगागा याहून अवघड, कारण म्हामिदला डांबरी रस्ता संपतो आणि पुढचे पन्नासहून अधिक किलोमीटर फोर बाय फोर गाडीशिवाय कापता येत नाहीत. मराकेश किंवा वारझाझातहून ‘एका दिवसात सहारा’ अशी जाहिरात दिसली, तर ती दगडी वाळवंटाची असते किंवा दिवसाची व्याख्या सैल केलेली असते, एवढे यावरून धरून चालावे.

उरली तिनफूची टेकडी. द्रा नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला झागोरा, झागोऱ्याच्या पुढे तामग्रूत आणि त्याला लागूनच तिनफू, असे हे एकूण 190 किलोमीटरांचे अंतर आहे. तिथे वाळूची एकच छोटी टेकडी सपाट माळावर एकटी उभी आहे. नकाशा साडेतीन तास दाखवतो. परंतु मध्ये तिझी न तिनिफिफ्त हा 1660 मीटरांचा वळणांचा घाट आहे, आणि गाडी लागणारे, दर दीड तासाला स्वच्छतागृह लागणारे व चहाशिवाय न हलणारे प्रवासी असले की नकाशातला तास पुरत नाही. गाईडचे मत स्पष्टपणे विरोधी होते. तुम्ही भर दुपारी पोहोचाल, तेव्हा वाळूवर सावली नसते, सावली नसली की टेकडीला आकार दिसत नाही, आणि परतताना घाट अंधारात ओलांडावा लागेल, असे त्याचे म्हणणे होते.

मी दोन्ही बाजू मंडळींसमोर ठेवल्या आणि कोणाला काय हवे ते विचारले. सहा जणांना वाळू हवी होती, मग ती कितीही छोटी असो. दहा जणांनी मूळ बेत पसंत केला, त्यातही पाच-सहा जणांनी केवळ इतका वेळ गाडीत बसायची तयारी नव्हती म्हणून. हॉटेलच्या ओळखीने चालकासह सात आसनी गाडी 2100 दिरहमला ठरली आणि तो खर्च कंपनीचा असे मी तिथल्या तिथे जाहीर केले. गाईड एकच होता. स्मारकांत फिरवणे चालकाचे काम नव्हे, त्यामुळे गाईड स्कूराच्या गटाबरोबर गेला; वयस्क मंडळी तिकडेच असल्याने मीही तिकडेच राहिले. सहा जण उजेडात परत येण्याच्या अटीवर, चालकाच्या भरवशावर निघाले. दुबईच्या गृहस्थांना थोडे अरबी येते, हा त्यातला माझा आधार होता. आज हाच निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली, तर मी स्वतः त्या गाडीत बसेन.

स्कूरा

फिंतविषयी लिहिण्यासारखे फार नाही. शहरापासून पंधरा किलोमीटरांवर काळपट खडकांच्या कुशीत ओढा, खजुरी आणि मातीची घरे आहेत. जागा रम्य आहे, शेवटचा रस्ता खडबडीत आहे आणि तासाभरात पाहून होते. तिथून स्कूराकडे जाताना डावीकडे नूर सौरऊर्जा प्रकल्पाचा अडीचशे मीटरांच्या आसपास उंचीचा मनोरा दिसतो, ज्याच्या माथ्यावर हजारो आरशांचा उजेड एकवटून एक पांढरा ठिपका दिवसभर जळत असतो. या प्रकल्पाचा 160 मेगावॉटचा पहिला टप्पा 2016 मध्ये सुरू झाला आणि आता सगळे टप्पे मिळून तो 580 मेगावॉटच्या आसपास आहे. मंडळींनी गाडी थांबवून त्या ठिपक्याचे फोटो काढले, आणि “वाळवंटात शेवटी ऊनच पिकतं” असे एका काकूंनी म्हटले, ते मला पटले.

अमरिदिलमध्ये मात्र आम्ही ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ थांबलो. कसबा म्हणजे एका घराण्याचा तटबंदीचा वाडा. ऐत बेनहद्दूसारख्या तटबंदीच्या गावाला ‘क्सार’ म्हणतात. हा फरक गाईड इंग्रजीतून समजावत होता आणि तो कोणाच्या ध्यानात राहत नव्हता, एवढ्यात जळगाव जिल्ह्यात मूळ गाव असलेले, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “अहो, ही गढी आणि कालचं ते गावकुसातलं गाव.” त्यानंतर कोणी विचारले नाही. काका भिंतीजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि नखाने हलकेच एक ढलपी सैल करून पाहिली. भिंतीत गव्हाच्या काडाचे बोटभर तुकडे आडवे दिसत होते, मध्ये बारीक खडे होते, आणि दर दीड-दोन हातांवर एक आडवी रेघ व तिच्यावर ओळीने भोके होती. लाकडी फळ्यांचा साचा उभा करून त्यात ओली माती धुम्मसाने ठोकायची, थर सुकला की साचा वर सरकवायचा, आणि साचा पेलणाऱ्या आडव्या काठ्या काढल्या की भोके राहतात, असे गाईडने सांगितले. काकांनी विचारले, पावसात काय करता? गाईड म्हणाला, दर पावसानंतर वरचा लेप नव्याने द्यावा लागतो, आणि ज्या घरातली माणसे शहरात गेली ते घर वीस वर्षांत परत माती होते. काका म्हणाले, “आमच्या गढीला तेवढीही वर्षं लागली नाहीत. गावानं पांढरी माती नेली धाब्यावर टाकायला.” मी ते भाषांतर करून सांगितले. दिवसभरात गाईड पहिल्यांदा मोठ्याने हसला, आणि दोघे त्यानंतर माझ्याशिवायच हातवाऱ्यांनी बोलत राहिले.

जुन्या 50 दिरहमच्या नोटेवर हा कसबा छापलेला होता. त्याच्या मागे बागांत पाण्याचे पाट खेळवलेले आहेत आणि प्रत्येक घराची पाण्याची पाळी वेळेवर मोजली जाते. खजुरीच्या सावलीत ऑलिव्ह व डाळिंब, त्याखाली लसूणघास अशी तीन मजली शेती तिथे चालते. पाळी, पाट, बांधावरून होणारी भांडणे हे सगळे धुळे-नाशिककडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सलग काही वर्षांच्या दुष्काळाने बागेच्या कडेच्या खजुरी शेंड्याकडून वाळलेल्या होत्या, तेही कोणी न दाखवता सर्वांना दिसले. आम्ही पाचला हॉटेलवर परतलो. दिवस चांगला गेला होता, असे मला तरी वाटत होते.

शुक्रवार

सहा जणांची गाडी सकाळी सातला, अंधारातच निघाली होती. घाटात दोघांना उलट्या झाल्या, अगद्झला चहा झाला, आणि तिथून द्रा नदीच्या काठाने जाणारा खजुरींचा पट्टा सर्वांना मनापासून आवडला. पावणेबाराला ती मंडळी झागोऱ्यात पोहोचली आणि तिथे अडकली, कारण तो शुक्रवार होता. रात्रीच्या हिशोबात मी उजेड, अंतर, घाट, वय असे सगळे धरले होते; वार धरला नव्हता. गाईडच्या मते तर ही सहलच होऊ नये अशी होती, त्यामुळे त्यानेही वाराचा विषय काढला नाही. दुपारच्या सामूहिक नमाजासाठी दुकाने बंद झाली, चालक मशिदीत गेला, आणि उपाहारगृहात सांगण्यात आले की आज कुसकुस आहे, ते नमाजानंतरच वाढले जाईल.

कुसकुस हा मोरोक्कोत घरोघरी शुक्रवारी होणारा पदार्थ आहे. रव्याचे बारीक दाणे चाळणीच्या भांड्यात घालून खालच्या पातेल्यातल्या वाफेवर शिजवतात, त्या पातेल्यात भाज्यांबरोबर बहुधा मांस उकळत असते, आणि वाढताना तोच रस्सा वरून ओततात. म्हणजे वरचे मांस काढून ठेवले तरी ताट शाकाहारी होत नाही. हे मला ठाऊक होते, गाईडला ठाऊक होते, चालकाला ते सांगायचे राहून गेले. दुबईच्या गृहस्थांनी आखाती अरबीत ‘मांस नको’ असे सांगितले. मोरोक्कोची दारिजा, म्हणजे तिथली बोलीतली अरबी, तिच्यापासून इतकी दूर आहे की समोरच्याने मान डोलावली आणि मांस बाजूला करून ताट आणले. लाल भोपळ्याच्या फोडीखाली हाडाचा तुकडा निघाल्यावर दोन शाकाहारी भगिनींनी ताट सरकवले. त्यांचे जेवण पाव, ऑलिव्ह आणि नाशिकहून आणलेला चिवडा यांवर झाले. त्यातल्या एकीने मला फोन केला, तेव्हा मी अमरिदिलच्या गच्चीवर होते, आणि दिलगिरी व्यक्त करण्यापलीकडे तिथून काहीही करू शकत नव्हते.

अडीचला ते झागोऱ्याहून निघाले. तामग्रूतला सतराव्या शतकात भरभराटीला आलेला नासिरी सूफी पंथाचा मठ आणि त्याचा जुना हस्तलिखित संग्रह आहे, शिवाय तांब्याच्या अंशाने हिरवी झालेली झिलईची मातीची भांडी तिथेच होतात. संग्रह बंद होता आणि भट्ट्या थंड होत्या. सव्वातीनला तिनफू आले. “एवढीच?” हे तिथे उच्चारलेले पहिले वाक्य होते, असे मला दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले. नाशिकचे बँक अधिकारी मात्र बूट हातात घेऊन अनवाणी वर गेले आणि पाऊण तास उतरले नाहीत. उशीर झाल्याचा एक फायदाही झाला. भर दुपारी पोहोचण्याऐवजी ते तिरप्या उन्हात पोहोचले, आणि गाईडने नाकारलेली सावली त्यांना मिळाली. फोटो अप्रतिम आले. परतताना अगद्झला दिवस मावळला, घाट अंधारात पार करावा लागला, आणि पावणेआठला गाडीचे दिवे हॉटेलच्या आवारात दिसेपर्यंत मी पायऱ्यांवरच बसून होते. उजेडात परत येण्याची अट मोडली होती आणि ती मोडणार हे तीन वाजताच कळले होते. त्या वेळी मी त्यांना तामग्रूतहूनच मागे फिरवायला हवे होते. मी तसे केले नाही, कारण इतके हाल काढून वाळू न पाहता परतलेल्या सहा जणांना तोंड देण्याची माझी तयारी नव्हती.

तक्रार

तक्रार येणार हे मी धरूनच होते, पण ती शाकाहारी भगिनींची असेल असा माझा अंदाज होता. ती आली स्कूराच्या गटातून. रात्री जेवताना तिनफूचे फोटो टेबलावर फिरले, आणि पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात एका काकांचे दोन पानी पत्र कार्यालयात पोहोचले. त्यांना गुडघ्यामुळे तिकडे जाणे शक्य नव्हते. पैसे सर्वांनी सारखे भरले, कंपनीने 2100 दिरहम मात्र सहा जणांवर खर्च केले, म्हणजे ज्याची तब्येत धड नाही त्याने छापील आश्वासन सोडून द्यावे आणि वर इतरांच्या गाडीचा भारही सोसावा, असे त्यांचे म्हणणे होते. कार्यालयात काहींना हे कुरकुरणे वाटले. मला ते रास्त वाटले. रात्री दहा वाजता मी गैरसोय दूर केली होती ती ज्यांचा आवाज मोठा होता त्यांची, आणि जे गप्प राहिले त्यांना समाधानी धरले होते.

माणशी 350 दिरहम या हिशोबाने उरलेल्या दहाही जणांना तेवढी रक्कम रुपयांत परत करण्यात आली. दोन्ही भगिनींना त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे दिले गेले. ते त्यांनी मागितले नव्हते. काकांनी रक्कम स्वीकारली, परंतु आमच्या पत्रातील ‘गैरसमजामुळे’ या शब्दाला हरकत घेतली, कारण त्यांचा कोणताही गैरसमज झाला नव्हता, त्यांनी छापलेले तसेच वाचले होते. पत्र दुरुस्त करून ‘आमच्या चुकीमुळे’ असे पुन्हा पाठवले गेले आणि प्रकरण तिथे मिटले.

आता दोन वेगळे कार्यक्रम आहेत. वाळू हवी असणाऱ्यांसाठी मराकेशहून वारझाझात, तोद्रा घळ, मर्झूगाला मुक्काम आणि तिथून मागे न फिरता मिदेल्तमार्गे फेज, असा दोन रात्रींनी लांबणारा आणि त्या प्रमाणात महाग असणारा मार्ग आहे. आठ दिवसांच्या कार्यक्रमात स्कूरा राहिले आहे. त्या दिवसासमोर ‘मरूद्याने आणि मातीचे कसबे, या दिवशी वाळूच्या टेकड्या नाहीत’ असे छापले जाते, आणि वर अमरिदिलच्या भिंतीचे छायाचित्र असते, ज्यात साच्याची भोके स्पष्ट दिसतात. विक्री विभागाचा या ओळीला अजूनही विरोध आहे. ती वाचून चौकशी करणारे दोघे-तिघे दर हंगामात गळतात, ही गोष्ट खरी आहे. ती ओळ काढायची की ठेवायची, यावर पुढच्या छपाईपूर्वी पुन्हा बैठक होणार आहे.